पाच जणींचा एक फोन

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत कॉलेजनं मला तारे गोळा करायचं काम दिलं होतं. मी गणिताचा प्राध्यापक, आकाशातल्या ताऱ्यांशी माझा काही संबंध नाही. हे तारे मोबाइलच्या पडद्यावरचे. 'ऑनलाइन गृहपाठ प्रणाली तुम्हाला कशी वाटली?' असा प्रश्न आणि त्याखाली पाच रिकामे तारे. विद्यार्थ्यानं बोट लावलं की ते पिवळे होत. सगळ्यांचे तारे एकत्र करून मी अहवाल लिहायचा, प्राचार्यांनी त्यावर सही करायची आणि तो वर पाठवायचा. निवृत्तीला टेकलेल्या माणसाला असलीच कामं देतात. नाही म्हणायला त्याच्यात जोर उरलेला नसतो.

गणित शिकवणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला थोडं सांगायला हवं. फळ्यावर उदाहरण सोडवणं हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग वह्या तपासण्याचा. पोरगं शेवटी कोणत्या उत्तराला पोचलं याला फारसं महत्त्व नसतं. ते कोणत्या ओळीवर घसरलं हे पाहायचं असतं. कोणी कंस सोडताना उणे चिन्ह विसरतो, कोणी घाईत भागाकार उलटा करतो. वर्षभर वह्या पाहिल्या की नाव न वाचता मी सांगत असे, ही वही कोणाची. माझी बायको म्हणायची, "तुमाले पोरांचे चेहरे ध्यानात राहत नाई, चुका बराबर राहते." ते खरंच होतं, आणि मला त्याचा गर्व होता.

मग पोर्टल आलं. त्यावर प्रत्येकाला तेच उदाहरण मिळे, पण आकडे वेगळे. घरी सोडवायचं, उत्तर मोबाइलवर टाकायचं. बरोबर असेल तर हिरवी खूण, चूक असेल तर लाल. पुन्हा प्रयत्न करता येई. गुण आपोआप जमा होत. ज्या वह्यांचा ढीग मी सायकलच्या कॅरिअरला बांधून नालवाडीच्या घरी नेत असे, तो बंद झाला. पोर्टलवर मी चिडून होतो असं कोणी समजू नये. डोळे थकले होते, मला थोडं हायसंच वाटलं.

मजा आली ती अभिप्रायांची. सत्र संपताना पाचांपैकी तारे दिल्याशिवाय निकालच दिसत नसे. आमची पोरं हुशार. त्यांनी ताडलं, तारे कमी दिले तर गुणही कमी मिळतील. तसं काही नव्हतं, पण कोण परीक्षा पाहणार? सगळ्यांनी पाचच्या पाच तारे ठोकले. नेट चालत नाही म्हणून ज्यानं माझ्यासमोर कपाळ बडवून घेतलं होतं, त्यानंसुद्धा. असा एकमुखी निकाल मी कुठल्या निवडणुकीतही पाहिला नाही.

खरं मत हवं असेल तर व्हरांड्यात उभं राहावं लागे. तिथं तास सुटल्यावर पोरं मोकळी बोलत. एक जण म्हणाला, "सर, तुमी उत्तर चुकलं तरी रीत बराबर असली का अर्धे मार्क्स देत होते. हे तं पूरा झिरो देते जी." दुसऱ्याचं दुःख वेगळं. त्यानं अपूर्णांकात लिहिलेलं बरोबर उत्तर पोर्टलनं लाल केलं होतं, कारण त्याला दशांश हवा होता. एक दिवस एका पोराचे वडील सेलूहून आले आणि थेट माझ्या टेबलापाशी उभे राहिले. "माह्या पोराले रोज लाल देऊन राह्यला तो मास्तर कोन हाय? भेटवा मले त्याले." मी म्हणालो, मास्तर नाही, यंत्र आहे. ते जरा विचार करून म्हणाले, "मंग त्याले समजावून सांगनारा बी कोनी नसन." मी त्यांना चहा पाजला. दुसरं काय करणार?

आणि एक मत मला लागलं. मागच्या बाकावर बसणारी, कधी तोंड न उघडणारी एक मुलगी. नाव मयूरी. घर केळझरजवळच्या खेड्यात. ती म्हणाली, "मले आवडते जी पोर्टल. दहा खेप चुकलं तरी वर्गात कोनी हासत नाई." माझ्या वर्गात पोरं हसत, हे मला माहीत होतं. मी त्यांना दटावत असे, आणि मला वाटे, झालं आपलं काम. त्या पोरीनं तो हसण्याचा आवाज किती वर्षं ऐकला असेल, हे मी कधी मनात आणलं नव्हतं.

पोर्टल आल्यापासून मयूरी फुलली. हिरव्या खुणा वाढत गेल्या. पुढे ती शंका विचारायला माझ्या टेबलापर्यंत येऊ लागली, मग फळ्यापर्यंत. एकदा खडू हातात घेऊन तिनं मैत्रिणींना एक प्रमेय समजावलं, मी दारात उभा राहून ऐकलं. माझ्यापेक्षा सावकाश सांगत होती, आणि त्यांना कळत होतं. मी विचारलं, "काय होनार गं तू?" लाजून म्हणाली, "मॅथची मॅडम." बीएस्सी झालं की बीएड करायचं, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं.

त्या वर्षी एका चतुर्थीला बायकोबरोबर केळझरच्या गणपतीला गेलो. दर्शन घेऊन उतरताना पाहतो तर पायऱ्यांच्या एका कडेला माझ्या वर्गातल्या पाच मुली पंगतीला बसल्यासारख्या ओळीनं बसलेल्या. मांडीवर कागद. मध्ये मयूरी, तिच्या हातात मोबाइल. फोन तिच्या मामानं घेऊन दिलेला. बाकी चौघींच्या घरी फोन होता, पण तो भावाच्या नाहीतर बापाच्या खिशात. जी ती आपापलं उदाहरण आपापल्या कागदावर सोडवत होती. सोडवून झालं की कागद मयूरीकडे जाई. जिचा कागद, तिच्याच नावानं ती पोर्टलमध्ये शिरे, उत्तर टाकी, आणि सगळ्या जणी मान वाकवून वाट पाहत. हिरवं झालं की टाळ्या. येणारे-जाणारे भाविक पाहत, त्याची त्यांना पर्वा नव्हती.

"मयूरीच काऊन टाकते सगळ्यांचं?" मी विचारलं.

पल्लवी नावाची तिची मैत्रीण म्हणाली, "सर, त्या इत्तुशा पडद्यावर वर्गमूळ टाका, कंस टाका, आमाले नाई जमत. तिच्या हाताले सवय झाली."

मी तिथंच पायरीवर टेकलो. एकीचं उदाहरण अडलं होतं, तिला ती कुठे घसरली ते दाखवलं. बायकोनं प्रसादाचं खोबरं सगळ्यांना वाटलं. माझ्या नोकरीतले जे थोडे दिवस मी मनात जपून ठेवलेत, त्यात तो एक आहे.

सत्र संपता संपता पोर्टल चालवणाऱ्यांकडून कॉलेजला निरोप आला. पाच विद्यार्थिनींची उत्तरं एकाच फोनवरून, एकामागून एक आलेली आहेत. हा गैरप्रकार दिसतो, चौकशी करावी. पाच नावं सोबत होती. कॉलेजात बातमी फिरायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी पोरांनी मयूरीला 'कॉपी सेंटर' असं नाव पाडून टाकलं.

मुली रडत माझ्याकडे आल्या. मी म्हणालो, "रडता काऊन? आकडे सगळ्यांचे वेगळे होते, कॉपी होईलच कशी? जे घडलं ते खरं खरं सांगा. काही होत नाही." खरं सांगा. जवळजवळ चाळीस वर्षं मी पोरांना हेच सांगत आलो होतो. आज कोणी विचारलं तरी हेच सांगेन. तेच तर माझं दुःख आहे.

समितीत प्राचार्य, बाहेरून आलेले एक परीक्षक आणि कार्यालयाचे अधीक्षक होते. माणसं वाईट नव्हती, हे मला आवर्जून लिहायचं आहे. त्यांच्यापुढे नियम होता आणि उत्तर वर द्यायचं होतं. मला साक्षीला बसवलं.

परीक्षकांनी मयूरीकडे बोट दाखवत बाकीच्या चौघींना विचारलं, "तुम्ही आपले पासवर्ड हिला सांगितले होते?"

पल्लवी म्हणाली, "हो जी."

"का? पासवर्ड कोणाला सांगायचा नसतो, हे पहिल्याच पानावर लिहिलंय."

पल्लवी गोंधळली. "तिले नाई तं कोनाले सांगू?"

परीक्षक माझ्याकडे पाहू लागले. पोरगी उद्धटपणा करतेय की काय, असं त्यांना वाटलं असावं. ती उद्धट नव्हती. मैत्रिणीपासून लपवायची गोष्ट म्हणजे काहीतरी वाईट असणार, एवढंच तिला माहीत होतं. या पाच जणी एकाच एसटीनं यायच्या, एकाच डब्यात जेवायच्या. त्यांच्या खेड्यात शेजारी बाजाराला गेला तर घराची किल्ली आपल्याकडे ठेवून जातो. त्या किल्लीला कोणी चोरी म्हणत नाही.

मग त्यांनी मयूरीला उभं केलं. "ही सगळी उत्तरं कोणी टाकली?"

मयूरी ताठ उभी राहिली. वर्गात मान खाली घालणारी ती पोर त्या दिवशी समोर पाहून बोलली. मी सांगितलं होतं ना, खरं बोल म्हणून. "सगळ्याइचे मीच टाकले सर. माह्या हाताले सवय हाय."

अधीक्षकांनी ते लिहून घेतलं. तिला वाटलं, आपण मैत्रिणींना सोडवलं. आणि तसं झालंही. नियमात दुसऱ्याच्या नावानं शिरून उत्तर देणारा दोषी. ज्यांच्या नावानं दिलं, त्यांना ताकीद आणि पुन्हा एक संधी.

मी उठून उभा राहिलो. म्हणालो, "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. केळझरच्या पायऱ्यांवर. प्रत्येकीनं आपलं आपण सोडवलं होतं. मी सांगतो ना, या पोरी प्रामाणिक आहेत."

प्राचार्य माझ्याहून वयानं लहान, मला नेहमी मानानं वागवणारे. ते हळू आवाजात म्हणाले, "सर, तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे. पण तुम्ही सांगून काय होणार? सिस्टिमवर जे दिसतंय ते दिसतंय."

चौघींना कॉलेजच्या लॅबमध्ये बसवून पुन्हा उदाहरणं दिली. चौघींनीही ती सोडवली. मी धावत प्राचार्यांकडे गेलो. बघा, यांना येतंय, म्हणजे त्यांनी कॉपी केलेली नव्हती. आता मयूरीलाही बसवा. ते म्हणाले, "तिचं लॉगिन बंद झालंय सर. आपल्या हातात राहिलं नाही." मी वर अर्ज केला, स्वतः जाऊन भेटलो, कोणाकोणाच्या खुर्चीसमोर उभा राहिलो. सगळ्यांनी ऐकून घेतलं. आमच्याकडे घरी केलेल्या कामाचे गुण वेगळे आणि परीक्षेचे वेगळे, दोन्हींत पास व्हावं लागतं. मयूरी लेखी परीक्षेत गणितात चांगल्या गुणांनी पास झाली. घरच्या कामाचे गुण रद्द झालेले, तिथं शून्य. वर्ष गेलं.

त्या सत्राचेही तारे मला गोळा करावे लागले. पाचच्या पाच. त्या चौघींनीही पाच दिले होते. पल्लवी माझ्यासमोर डोळे पुसत म्हणाली, "नाई दिले तं निकाल उघडत नाई ना सर." मयूरीचं मत त्यात नव्हतं. बंद लॉगिनला तारे देता येत नाहीत. 'विद्यार्थी प्रणालीबाबत पूर्ण समाधानी आहेत' हे वाक्य मी माझ्या हातानं लिहिलं, कारण तारे तेच म्हणत होते. खाली एक परिच्छेद माझ्या पदरचा जोडला, फोन नसलेल्या मुलींबद्दल. अहवाल वर गेला तेव्हा तो परिच्छेद त्यात होता की नाही, मला ठाऊक नाही.

मी मयूरीच्या घरी गेलो. एकच विषय राहिला होता, पुढच्या वर्षी पुन्हा देता आला असता. तिच्या वडिलांनी ओसरीवर सतरंजी टाकली, पाणी दिलं, चहा आला. म्हणाले, "सर, पोरगी खोटं नाई बोलली, हे मले मालूम हाय. पन गावात झालं ना नाव. घरोघरी जाऊन कोनाले समजावू?" त्यांनी तिला अडवलं नव्हतं. ती स्वतःच दारात येऊन म्हणाली, "मी नाई येत सर. त्या वर्गात मी परत मागच्या बाकावर जाऊन बसीन." एवढंच बोलून ती आत गेली. मी चहा संपवला. वडील मला सोडायला फाट्यापर्यंत आले, रस्ताभर आम्ही पऱ्हाटीबद्दल, यंदाच्या कापसाबद्दल बोललो.

नंतर मी निवृत्त झालो. निरोप समारंभात माझ्या विद्यार्थ्यांची, त्यांच्या हुद्द्यांची नावं वाचून दाखवली गेली. जी नावं त्यात नव्हती, त्यातलं एक मी मनात म्हणत बसलो होतो.

पेन्शन घेणाऱ्याला दरसाल आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. गेल्या खेपेला मी मुलीकडे हिंगणघाटला होतो. जावई म्हणाले, हमरस्त्याला लागून एक दुकान आहे, तिथं अंगठा लावला की हयातीचा दाखला लगेच निघतो. गेलो. बाहेर पाटी, 'सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील'. आत रांग. कॉम्प्युटरसमोरची बाई मान न उचलता पटापट बोटं चालवत होती. माझी पाळी आली, तिनं नाव विचारलं, मी सांगितलं, आणि ती उठून उभी राहिली.

"वानखडे सर?"

मयूरी. अंगानं थोडी भरलेली, गळ्यात मंगळसूत्र, डोळ्यांना चष्मा. वाकून पाया पडली. रांगेतल्या लोकांना म्हणाली, "माहे सर हाय हे. गनित शिकवे मले." तिनं माझ्यासाठी खुर्ची ओढली. दुकान तिचं आणि तिच्या नवऱ्याचं. नवरा बँकेची कामं पाहतो, फॉर्म ती भरते. दिवसभर लोक येतात, कोणाला दाखला हवा, कोणाला परीक्षेचा अर्ज. एका कॉम्प्युटरवरून ती गावभराच्या नावानं आत शिरते.

मी यंत्रावर अंगठा ठेवला. लाल दिवा. पुन्हा ठेवला. लाल. जन्मभर खडू घासून आणि वयानं माझ्या अंगठ्याच्या रेषा पुसट झाल्या आहेत. सरकारदरबारी मी जिवंत नव्हतो. मी हसत म्हणालो, "अगं, मी तुझ्यासमोर बसलोय. तू मला ओळखतेस. सांग ना त्याला, सर जित्ते आहेत म्हणून."

ती पडद्याकडे पाहत होती. सहज म्हणाली, "मी सांगून काय होनार सर?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. समितीत प्राचार्य मला काय म्हणाले होते, हे तिच्या ध्यानातही नसेल. माझ्या होतं. मला तिच्याकडे पाहवेना.

"अंगठा कपाळावर घासा जरा," ती म्हणाली, "थोडा तेलकट झाला का घेते तो." मी शाळकरी पोरासारखा कपाळावर अंगठा घासला. तिनं माझा हात धरून तो यंत्रावर नीट टेकवला. हिरवा दिवा लागला.

मला राहवलं नाही. विचारलं, "मयूरी, ते पोर्टल तुला कसं वाटलं होतं गं? तुझं मत तेवढं घ्यायचं राहिलं."

"बहुत आवडे मले सर. पायऱ्यांवर आमी टाळ्या वाजवो ते तं तुमी बी पाह्यलं होतं." मग चष्मा पुसत म्हणाली, "पल्लवी मॅडम झाली, मालूम हाय ना? गनितचीच. फोन येते तिचा." ती मनापासून खूश होऊन सांगत होती. मी मान हलवली.

पडद्यावर पाच रिकामे तारे आले होते. सेवा कशी वाटली? मी पुढे होऊन वाचेपर्यंत तिनं पाचही पिवळे करून टाकले.

"अगं, मत तर माझं होतं," मी म्हणालो.

"सगळ्याइचे मीच टाकते सर," ती हसली. "हाताले सवय हाय."

दाखला निघाला. तिनं तो घडी करून माझ्या हातात दिला, पुन्हा पाया पडली. मी दुकानाच्या पायरीवर येऊन चपला घालू लागलो. मागं, माझ्या रिकाम्या खुर्चीवर कॉलेजची एक पोरगी येऊन बसली होती. परीक्षेचा अर्ज भरायचा होता तिला.

"पासवर्ड सांग वं," मयूरी म्हणाली.

पोरीनं तो सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा सांगितला.